शेजाऱ्याला कळवा: हो

ऑफिसात त्याला सगळे मुनी म्हणत. कारण साधं होतं, तो बोलत नसे. विचारलं तर उत्तर द्यायचा, तेही मोजून. पंचवीस वर्षं जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहीत आलेला हा माणूस आता पन्नाशीला टेकला होता. त्याच्या बरोबरीचे कोणी साहेब झाले, कोणी नोकरी सोडून गेले. राहिलेले सगळे दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हलले. जुनं काम जुन्या सर्व्हरवर होतं, म्हणून ते काम आणि मुनी जुन्या इमारतीतच राहिले. तिसऱ्या मजल्यावर चाळीस खुर्च्या आणि तो एकटा. मजल्यावरचे दिवे माणसाच्या हालचालीवर चालणारे. मुनी विचार करत स्तब्ध बसला की दहा मिनिटांत ते विझत, मग एक हात उंच करून हलवावा लागे. खालचा पहारेकरी एकदा कॅमेऱ्यात ते बघून वर आला होता. त्याला वाटलं, साहेब मदतीला हाका मारतायत.

घरीही फारसा फरक नव्हता. लग्न केलं नव्हतं. आईला बारा वर्षं सांभाळलं, ती गेली. थोरली बहीण दुसऱ्या शहरात. ती दर रविवारी फोन करून "जेवलास का?" विचारायची आणि तो "हो" म्हणायचा, मग जेवलेला असो नसो.

त्याच्याकडे जे जुनं काम होतं, ते मात्र बिनमहत्त्वाचं नव्हतं. एका संस्थेची सहा केंद्रं होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ही केंद्रं रोज सकाळी आठ वाजता फोन करायची. फोन माणूस करत नसे, मुनीचा प्रोग्राम करायचा. एका बाईंचा ध्वनिमुद्रित आवाज म्हणायचा, "सुप्रभात. ठीक असाल तर एक दाबा." एक दाबलं की संपलं. कोणी उचलला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर पाच केंद्रांत ते नाव कार्यकर्त्यांच्या यादीत जायचं आणि कोणीतरी घरी जाऊन बघून यायचं. सहावं केंद्र लहान होतं, तिथे कार्यकर्ते नव्हते. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे तिसऱ्या फोननंतर शेजाऱ्याला फोन जाऊ द्या. मुनीने तशी सोय करून दिली. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे शेजाऱ्याच्या नंबराचा रकाना आला.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास त्याच सहाव्या केंद्राच्या बाईंचा फोन आला. या बाई केंद्र एकहाती चालवायच्या, आणि एरवी त्यांचा आवाज खणखणीत असायचा. आज तो खाली गेला होता.

"आमच्या यादीतल्या शिवणाच्या बाई काल स्वयंपाकघरात पडल्या," त्या म्हणाल्या. "शिवणकाम शिकवायच्या पूर्वी. शहात्तर वय. खुब्याचं हाड मोडलंय. सव्वादोनला विजेचं मीटर बघायला माणूस आला, त्याने खिडकीतून आवाज ऐकला म्हणून कळलं. पावणेआठपासून पडून होत्या हो."

"शेजारी?"

"शेजारी लाँड्रीवाल्या राहतात. त्या म्हणतात, मला फोन आलाच नाही. आता त्यांच्या फोनची काच फुटकी, कधी वाजतो कधी नाही. सगळे त्यांनाच बोलतायत. बाईंचा भाचा तर काय वाटेल ते बोलला. तुम्ही जरा बघून सांगाल का, तुमच्याकडून फोन किती वाजता गेला होता?"

"बघतो," मुनी म्हणाला.

प्रोग्राम केलेल्या प्रत्येक फोनची नोंद ठेवत असे. सोमवारच्या नोंदी त्याने उघडल्या. शिवणाच्या बाईंना आठ वाजता फोन, उत्तर नाही. आठ पाचला, उत्तर नाही. आठ दहाला, उत्तर नाही. त्यापुढे शेजाऱ्याच्या फोनची ओळ यायला हवी होती. तिथे दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाची ओळ होती.

मुनी आदल्या आठवड्याच्या नोंदींत गेला, मग आदल्या महिन्याच्या. मग त्याने सरळ शोधच लावला, की सहाव्या केंद्रातून शेजाऱ्याला गेलेले सगळे फोन दाखव. उत्तर आलं: शून्य. बावीस महिन्यांत सदतीस वेळा तिसरा फोन कोणी उचललेला नव्हता, आणि सदतीस वेळा शेजाऱ्याला काहीही कळवलं गेलं नव्हतं. छत्तीस वेळा माणूस अंघोळीला गेला होता, नाहीतर भाजी आणायला. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

ही सोय त्याने एकट्याने लिहिली होती. दुसऱ्या कोणी तपासली नव्हती, कारण तपासायला मजल्यावर कोणी उरलंच नव्हतं. आता तीच पानं त्याने परक्याची असल्यासारखी वाचायला घेतली.

असा प्रोग्राम सुरू होताना आधी आपल्या मुख्य फाइलीतल्या सूचना वाचतो. मग आपले भाग एकेक करून उभे करतो. काही भागांच्या माथ्यावर अट लिहिलेली असते, की अमुक सूचना असेल तरच मला उभं करा, नाहीतर सोडून द्या. शेजाऱ्याला फोन करणाऱ्या भागावर मुनीने तशीच अट घातली होती, कारण तो भाग एकाच केंद्राला हवा होता. त्या केंद्रासाठी त्याने वेगळी छोटी फाइल केली होती. साध्या भाषेत सांगायचं तर तिच्यात एक ओळ होती, "शेजाऱ्याला कळवा: हो." फाइल जागच्या जागी होती. ओळही बरोबर होती, काना-मात्रेचीही चूक नव्हती.

चूक दुसरीकडे होती. "ही फाइल वाच" हा हुकूम मुनीने त्याच भागाच्या माथ्यावर लिहिला होता, ज्याची अट त्या फाइलीवर अवलंबून होती. प्रोग्राम तिथे आला की आधी अट बघायचा. शेजाऱ्याला कळवायचंय का? तोवर वाचलेल्या सूचनांत तसं काही नसायचं. मग प्रोग्राम तो भाग सोडून पुढे जायचा, आणि त्याबरोबर फाइल वाचायचा हुकूमही सुटून जायचा. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं होतं. बावीस महिने ती फाइल कोणी उघडलीच नव्हती. आणि प्रोग्रामने तक्रारही केली नव्हती, कारण त्याच्या लेखी सूचना नसणं म्हणजे "नाही" असं उत्तर मिळणं, आणि "नाही" या उत्तरात तक्रार करण्यासारखं काय आहे?

मग त्याच्या स्वतःच्या मशीनवर ते चाललं कसं? तेही सापडलं. चाचणीच्या वेळी सोपं जावं म्हणून त्याने ती ओळ आपल्या मशीनवरच्या मुख्य फाइलीतही टाकली होती, आणि काढायला विसरला होता. तारीख बघितली. आई गेल्यावर तो कामावर परत आला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली होती.

तो रस्ता ओलांडून नव्या इमारतीत साहेबांकडे गेला. साहेब त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, मनाने वाईट नव्हते, पण सदैव कुठेतरी निघालेले असायचे. मुनीने सगळं सांगितलं. एवढं लांब बोलणं त्याने वर्षभरात केलं नसेल.

"दुरुस्त होईल?" साहेबांनी विचारलं.

"दोन दिवसांत."

"मग करा. आणि हे बघा मुनी, केंद्राला पत्र मी लिहितो. तुम्ही त्यात पडू नका."

पत्र संध्याकाळी गेलं, त्याची प्रत मुनीला आली. त्यात लिहिलं होतं, काही तांत्रिक अडचणींमुळे, तसेच समोरील फोन बंद वा नादुरुस्त असल्यास, सूचना पोचण्यात व्यत्यय येऊ शकतो. मुनीने ते वाक्य पुन्हा वाचलं. खोटं असं त्यात काही नव्हतं. पण वाचणारा त्यातून काय समजेल, ते त्याला स्पष्ट दिसत होतं. लाँड्रीवाल्या बाईंचा फुटका फोन.

तो खाली मान घालून दुरुस्तीला लागला.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. प्रोग्राम जागा होताच, कोणताही भाग उभा राहायच्या आधी, चालेल असा एक छोटा तुकडा त्याने लिहिला. तो तुकडा आधी केंद्रांच्या सगळ्या फाइली वाचणार, त्यातल्या सूचना मुख्य सूचनांच्या शेजारी नेऊन ठेवणार, आणि मगच अटी विचारल्या जाणार. शिवाय त्याने आणखी एक केलं. प्रत्येक केंद्राच्या फाइलीत ती ओळ असलीच पाहिजे, "हो" असो की "नाही". नसेल तर प्रोग्राम सुरूच होणार नाही, मोठ्याने बोंब मारेल. नसण्याला इथून पुढे कोणी नकार समजणार नव्हतं.

राहिली चाचणी. ती या वेळी खऱ्या सर्व्हरवर, खऱ्या फोनवर करायची असं त्याने ठरवलं. ज्याने फोन उचलायचा नाही असा माणूस तयारच होता. त्या केंद्राच्या यादीच्या अगदी वर चाचणीसाठी म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलेलं होतं. दोन वर्षं रोज आठ वाजता त्यालाही तो फोन यायचा आणि तो एक दाबायचा. पण शेजारी? तिथे त्याने ऑफिसचाच नंबर भरून ठेवला होता. आता खरा हवा होता.

बुधवारी संध्याकाळी त्याने समोरच्या दाराची घंटी वाजवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. समोरचे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवायचे. बाहीला प्लास्टरची पूड लागलेली, कपाळावर चढवलेला चष्मा.

"उद्या सकाळी आठ दहानंतर तुम्हाला एक फोन येईल," मुनी म्हणाला. "तेवढा उचलाल का?"

"कोणाचा?"

"मशीनचा. माझ्याबद्दल."

"तुम्ही कुठे जाताय?"

"कुठे नाही. घरातच असेन. फक्त मी फोन उचलणार नाही."

कवळीवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याला नीट न्याहाळलं. "अहो, उचलणार का नाही?"

मग मुनीला दारात उभं राहून सगळं समजावून सांगावं लागलं. "एकदाच," तो शेवटी म्हणाला. "चाचणी झाली की तुमचा नंबर काढून टाकीन. आणि यायबियायची काही गरज नाही, फोन आला एवढं कळलं की पुरे."

गुरुवारी सकाळी तो फोन टेबलावर ठेवून खुर्चीत बसला. आठला वाजला. दोन वर्षांच्या सवयीने हात पुढे गेला, तो त्याने मागे घेतला. फोन वाजून वाजून बंद झाला. आठ पाचला पुन्हा. खुर्चीत बसून हाकेच्या अंतरावर वाजणारा फोन ऐकत राहायचं, एवढंच काम. ते इतकं अवघड जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. आठ दहाला तिसऱ्यांदा वाजला, थांबला. पाच मिनिटं गेली. मग दोन दारांपलीकडून, बारीक पण स्पष्ट, दुसऱ्याच फोनची धून ऐकू आली.

मुनीचा जीव भांड्यात पडला. तो उठणार इतक्यात दारावर थाप पडली. कवळीवाले पायांत चपला न घालताच आले होते.

"उचलला! ती बाई म्हणाली, तुमचे शेजारी फोन उचलत नाहीत, कृपया बघून या."

"पण मी म्हटलं होतं ना, यायची गरज नाही."

"तुम्ही म्हणाला होतात. पण ती म्हणाली ना, बघून या." मग म्हणाले, "ठीक आहात?"

हा प्रश्न त्याला दोन वर्षं रोज विचारला जात होता आणि तो बोटाने उत्तर देत होता. आता ते तोंडाने द्यायचं होतं.

"हो," तो म्हणाला.

"नंबर राहू द्या हवं तर माझा."

"नको नको," मुनी घाईने म्हणाला. "चाचणीपुरताच होता." ते गेले. दार लावल्यावर त्याला वाटलं, आपण उगाच नको म्हटलं. पण परत जाऊन ते सांगणं त्याच्याच्याने झालं नाही. ऑफिसात गेल्यावर त्याने ठरल्याप्रमाणे नंबर काढून टाकला.

शनिवारी तो हॉस्पिटलमध्ये गेला. कोणी पाठवलं नव्हतं. शिवणाच्या बाई खिडकीजवळच्या पलंगावर होत्या, पाय वजन लावून ताणलेला. अंगाने काटकुळ्या, नजर सुईत दोरा ओवणाऱ्याची. मुनीने स्टुलावर बसून, पत्रात नव्हतं ते सगळं सांगितलं. चूक माझी होती, असं दोनदा म्हणाला.

तो थांबल्यावर बाई म्हणाल्या, "मी फोन मोजत होते. एक झाला. दोन झाले. तिसरा बंद झाल्यावर म्हटलं, चला, आता लाँड्रीवालीला जाईल फोन, येईलच ही धावत. तिच्या चपलांचा आवाज येतो जिन्यात, पट्टा सैल आहे. तो आवाज ऐकायला कान लावून पडले होते मी. दहापर्यंत तरी नक्की."

"मला माफ करा," तो म्हणाला.

"ते नंतर बघू. दुरुस्त झालं का?"

"झालं. परवा करून बघितलं."

"मग आता इथे का बसलाय? तिला जाऊन सांगा की. ती रोज डबा घेऊन येते आणि रडत बसते. मी म्हटलं, तुझा फोन वाजला नसेल गं, होतं असं. म्हणजे मीसुद्धा तिच्याच डोक्यावर खापर फोडलं, बघा." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "जा. उन्हं आहेत तोवर पोचाल."

लाँड्री शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. दोन बस बदलून, दीड तास. बाई इस्त्री करत होत्या, नवरा मागे यंत्रातून ओल्या चादरी काढत होता. मुनीने ओळख सांगितली. त्या इस्त्री उभी करून बोलायलाच लागल्या.

"हे बघा, नवा फोन घेतलाय मी. आता असं होणार नाही."

"जुनाही ठीक होता," मुनी म्हणाला. "तुम्हाला फोन आलाच नव्हता. आमच्याकडून गेलाच नाही. त्या दिवशीही नाही आणि आधीही कधी नाही. माझ्या हातून चूक झाली होती."

मागे चादर पिळायचा आवाज थांबला. नवरा पुढे आला. बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? काय म्हणत होते मी? रोज आठ ते नऊ तो फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरते मी. न्हाणीघरातसुद्धा. आणि तू म्हणालास, आवाज बंद करून झोपली असशील!"

"मी आपलं विचारलं होतं," नवरा पुटपुटला.

"विचारलं होतं!" त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. मग मुनीकडे रोखून बघितलं. "आणि तुम्ही? एवढे शिकलेले, एकदासुद्धा करून बघितलं नाहीत?"

"नाही."

"हे कागदावर लिहून द्या मला. तिच्या भाच्याला दाखवायचंय."

त्याने तिथेच, लाँड्रीच्या पावतीच्या मागे, लिहून दिलं. सही केली. सोमवारी तेच केंद्रालाही सविस्तर लिहून पाठवलं, साहेबांना प्रत देऊन. साहेब फोनवर बराच वेळ बोलले. मुनी ऐकत राहिला. शेवटी साहेबांचाच आवाज उतरला आणि ते म्हणाले, यापुढे तुमचं काम दुसरं कोणीतरी तपासेल. ही शिक्षा म्हणून सांगितलं होतं, पण मुनीला ते वाक्य दिवसभर आठवत राहिलं, आणि वाईट वाटेना.

शिवणाच्या बाई घरी परतल्या नाहीत. भाच्याने त्यांना आपल्या गावी नेलं. केंद्राच्या बाईंनी कळवलं, नाव काढून टाका. मुनीने त्यांची ओळ काढायला घेतली, तर त्याच ओळीत शेजाऱ्याचा नंबर होता, तोही जाणार होता. त्याने लाँड्रीत फोन लावला, सांगायला.

"म्हणजे आता मला कोणाचाच फोन येणार नाही?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"असं कसं? दोन वर्षं मी तयार होते. दुसऱ्या कोणाला द्या की माझा नंबर."

मुनीने यादी बघितली. त्या केंद्रात अकरा जणांचा शेजाऱ्याचा रकाना कोरा होता. त्यात एकजण त्यांच्याच मागच्या गल्लीत राहणारे होते, निवृत्त पोस्टमन.

"ते होय! खवीस माणूस," बाई म्हणाल्या. "कपडे कडक इस्त्रीचे लागतात आणि शब्दही. पण चालेल. मी त्यांना विचारते. तुमचं कोण आहे हो?"

"बहीण आहे," तो म्हणाला. "लांब असते."

"हं," बाई म्हणाल्या. "मी तरी दीड तासावर. माझा काय उपयोग!"

पोस्टमन आधी नाही म्हणाले, मग चार दिवसांनी हो म्हणाले. केंद्राच्या बाईंनी त्यांच्या ओळीत तो नंबर भरला. तीन आठवड्यांनी एका सकाळी मुनी ऑफिसात आला आणि नेहमीप्रमाणे नोंदी उघडल्या. पोस्टमन, आठ वाजता, उत्तर नाही. आठ पाच, आठ दहा, उत्तर नाही. त्याखाली एक ओळ होती. शेजारी, आठ पंधरा, पहिल्याच घंटीला उचलला. तासाभराने केंद्राच्या बाईंचा निरोप आला: "लाँड्रीवाल्या जाऊन आल्या. ते दाढी करत होते. तोंडाला साबण असताना दार उघडायला लावलं म्हणून अर्धा तास ओरडले. मग चहा दिला."

मुनी मोठ्याने हसला. रिकाम्या मजल्यावर तो आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. हे कोणाला तरी सांगावं म्हणून त्याने फोन हातात घेतला. रविवार नव्हता, तरी बहिणीचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. ती कामात असेल. त्याने फोन खाली ठेवला आणि पुढची नोंद बघायला घेतली.